भाड्याने दिलेले शेअर

शिडीवाल्यांचं खरं नाव बँकेच्या पासबुकावर होतं आणि तिथेच राहिलं. बाकी सगळ्या गल्लीला ते शिडीवाले म्हणूनच ठाऊक. दुकानात शिड्या होत्याच, शिवाय ड्रिल मशीन, पाणी उपसायचा पंप, रंगाऱ्यांची घोडी, दोन हातगाड्या आणि कुणाला कशाला लागते ते कळू नये अशी एक भलीमोठी करवत. सगळं भाड्याने. विकायला काहीच नाही. नवखं गिऱ्हाईक येऊन “ही शिडी केवढ्याला?” असं विचारायचं, तेव्हा शिडीवाल्यांच्या कपाळावर आठ्या पडायच्या. आपल्या लेकीचा कुणी बाजारभाव विचारावा तसं त्यांना वाटायचं.

वस्तू पडून राहिली की गंजते आणि माणूस पडून राहिला की कुरकुरतो, हे त्यांचं तत्त्वज्ञान. दुसरं तत्त्व असं की शिडी गेली तरी जाऊन जाऊन जाईल कुठे? शिडीवर काही कुणी संसार थाटत नाही. काम झालं की माणूस खाली उतरतो, आणि माणूस उतरला की शिडी परत येते. उशीर व्हायचा, नाही असं नाही. पण शिडीवाले कधी कुणाच्या दारात मागायला गेले नाहीत. ते खुर्चीत बसून वाट बघायचे, आणि चार दिवस उशिरा का होईना, रंगारी मान खाली घालून शिडी खांद्यावर घेऊन यायचाच. उशिराचं भाडं वर मिळायचं. उभ्या हयातीत परत न आलेली वस्तू एकच, एक छोटी लाकडी घडवंची. तिच्यावरून त्यांनी एका बिचाऱ्या रंगाऱ्याशी कायमचं वाकडं घेतलं होतं.

“या घरात भाड्याने न दिलेली मी एकटीच,” असं त्यांची बायको म्हणायची. ती पंख्यांच्या कारखान्यात वाइंडिंगला होती. पंख्याच्या पोटात तांब्याच्या तारेची जी गुंडाळी असते, ती भरायचं काम. तार केसाएवढी बारीक, वेढा एक चुकला तर पंखा कण्हतो. कारखान्यात तिला वायरबाई म्हणत. आपण भरलेला पंखा आपण आवाजावरून ओळखतो, असा तिचा दावा होता. शिडीवाले त्यावर हसायचे. घरातला पंखा मात्र तिच्याच हातचा होता आणि तो खरोखरच कधी कण्हला नाही.

कारखाना छोटा होता तेव्हापासूनची ती. पुढे कंपनी मोठी झाली, आणखी कारखाने निघाले, बाजारात शेअर आले. तेव्हा जुन्या कामगारांना स्वस्तात शेअर मिळाले, मग त्यावर बोनस शेअर, असं करत करत तिच्याकडे चारशे सत्तर झाले. तिने ते दोघांच्या नावावर केले आणि एकदाच, भांडी घासता घासता सांगून ठेवलं, “हे विकायचे नाहीत हं. तुमच्या शिड्या, तसे माझे हे.” शिडीवाल्यांनी मान डोलावली. विकणं हा त्यांचा धंदाच नव्हता.

कंपनीची वार्षिक सभा जुन्या कारखान्याच्या कॅन्टीनच्या हॉलमध्येच भरायची. मूळ मालकाने तशी प्रथाच पाडली होती. पुढच्या रांगांत इस्त्रीच्या शर्टातले मोठे भागधारक, मागे जुने कामगार आणि त्यांची माणसं. बायको दरवर्षी शिडीवाल्यांना ओढून न्यायची. ते मागच्या रांगेत बसून पंख्याखाली मस्त डुलकी काढायचे, आणि सभा संपली की ती त्यांना कोपराने ढोसून उठवायची.

मग पोटाच्या दुखण्याचं निमित्त झालं आणि ती गेली. डॉक्टरांनी जे सांगितलं ते त्यांना समजलं नाही. समजून उपयोगही नव्हता.

त्या वर्षी सभेला जायचं नाही असंच त्यांनी ठरवलं होतं. पण सकाळी उठून दाढी करताना त्यांच्या लक्षात आलं की आपण आज काय म्हणून दाढी करतोय, आणि ते गेले. मागच्या रांगेत बायकोची मैत्रीण भेटली. ती पॅकिंगला होती, रिटायर झाली होती, तरी तिला सगळे अजून पॅकिंगताईच म्हणायचे. सभा संपल्यावर चहा घेताना तिने शिडीवाल्यांना एक गोष्ट सांगितली. पूर्वी वाइंडिंगच्या बायकांना उभ्यानेच काम करावं लागायचं. पाठीचे काटे ढिले व्हायचे. एके दिवशी वायरबाई घरून एक छोटी घडवंची घेऊन आली आणि तिच्यावर बसून तिने तार भरायला सुरुवात केली. फोरमनने घडवंची जप्त केली. दुसऱ्या दिवशी सगळ्या बायका घरून काही ना काही बसायला घेऊन आल्या. कुणी पाट, कुणी डबा, एकीने तर उलटी बादली आणली. आठवड्याभरात कंपनीने स्टुलं दिली.

शिडीवाल्यांच्या हातातला चहा निवला. ती घडवंची कुठे गेली ते त्यांना आज कळलं होतं. त्या रंगाऱ्याची माफी मागायला हवी, असं त्यांना वाटलं, आणि मग ते इतके हसले की डोळ्यांत पाणी आलं. पाणी आल्यावर मग ते थांबेना.

तेव्हापासून दरवर्षी एक तरी नवी गोष्ट मिळायची. एकदा स्टोअरच्या म्हाताऱ्याने सांगितलं की डबा खाताना वायरबाई शिडीवाल्यांची नक्कल करायची, गिऱ्हाइकावर खेकसताना ते कसे चष्मा कपाळावर नेतात ते अगदी हुबेहूब. सगळं खातं पोट धरून हसायचं. एकदा पॅकिंगताईने सांगितलं की लेकीला सासरी पाठवून दुसऱ्या दिवशी ती कामावर आली आणि स्टोअरच्या मागे जाऊन हमसून हमसून रडली. घरी तर ती त्या दिवशी शांतपणे भांडी आवरत होती. शिडीवाल्यांनी तिला तेव्हा म्हटलंही होतं, तुझं काळीज दगडाचं आहे म्हणून.

डिव्हिडंड बँकेत जमा व्हायचा, तो वेगळा. शिडीवाल्यांचा डिव्हिडंड हा होता. घरात बायकोच्या सगळ्या आठवणी झिजून गुळगुळीत झाल्या होत्या, त्याच त्याच पुन्हा हाताला लागत. नवी आठवण मिळायची ती त्या हॉलमध्ये, वर्षातून एकदा. त्या दिवशी ती त्यांच्यासाठी अजून थोडी जगत असायची.

गुडघ्यांनी असहकार पुकारला तेव्हा शिडीवाल्यांनी दुकान आवरलं. शिड्या, घोडी, पंप, करवत सगळं एका ठेकेदाराने उचलून नेलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी काही विकलं होतं. हातगाड्या वळणावर दिसेनाशा झाल्या तेव्हा ते बराच वेळ रिकाम्या दुकानात उभे होते. मग घरी बसू लागले आणि आपल्याच तत्त्वज्ञानाप्रमाणे कुरकुरू लागले.

कुरकुर ऐकून लेक फोनवर म्हणाली, बाबा, कुठेतरी जात जा. म्हणून ते औषधाच्या दुकानावरच्या माडीवर ब्रोकरचं ऑफिस होतं तिथे जाऊ लागले. तिथे दर शनिवारी छोट्या गुंतवणूकदारांसाठी ऑप्शनचा फुकट वर्ग चालायचा. शिकवणारी बाई वयाने लहान होती, पण तिची जीभ धारदार होती. पहिल्याच दिवशी एका गृहस्थाने, यात लवकर श्रीमंत कसं व्हायचं, असं विचारलं. तेव्हा ती म्हणाली की लवकर गरीब कसं व्हायचं ते मी पहिल्या तासाला सांगते, श्रीमंतीचा तास अजून ठरलेला नाही. शिडीवाल्यांना ती तिथेच आवडली.

बाईने जागेचं उदाहरण घेतलं. समजा एक जागा तुमच्या मनात भरली. आज तिचा भाव शंभर. तुम्ही मालकाच्या हातावर तीन ठेवता आणि म्हणता, महिनाअखेरीला ही जागा एकशेदहाला घ्यायचा हक्क माझा. हा झाला कॉल ऑप्शन. ते तीन म्हणजे प्रीमियम. भाव एकशेतीस झाला तर तुम्ही एकशेदहाला घेता आणि मिशीला पीळ देता. भाव वाढलाच नाही तर तुम्ही तिकडे फिरकत नाही, तुमचे तीन गेले, त्याहून जास्त काही जात नाही. मालकाचं उलट. तीन त्याचे झाले, पण भाव चढला तर जागा एकशेदहालाच द्यावी लागते. मग त्याचं मन बदलो, बायको रुसो. घेणाऱ्याला हक्क आहे आणि देणाऱ्याला बंधन. पुट ऑप्शन म्हणजे ठरलेल्या भावाला विकायचा हक्क. आपले शेअर पडतील अशी धास्ती असेल तर पुट घ्यायचा, विम्यासारखा हप्ता भरायचा आणि झोपायचं. हक्काची मुदत असते, मुदत सरत जाते तसा हक्काचा भावही सरत जातो. म्हणून घेणाऱ्यांचे पैसे बहुतेक वेळा बुडतात. आणि हातात शेअर नसताना कॉल विकणं म्हणजे दुसऱ्याच्या जागेचा विसार आपण घेणं. त्यात माणूस देशोधडीला लागतो.

“आणि हातात शेअर असले तर?” शिडीवाल्यांनी विचारलं.

तर ते बरं, असं बाई म्हणाली. शेअर हाताशी ठेवून त्यांच्यावर कॉल विकता येतो. भाव ठरलेल्या किमतीच्या वर गेला नाही तर शेअर तुमच्याकडेच राहतात आणि प्रीमियमही तुमचा. पुढच्या महिन्यात पुन्हा विका.

पुढचं तिने बरंच सांगितलं, पण शिडीवाल्यांचं मन तेवढ्यावरच अडकून बसलं. वस्तू आपली, वस्तू आपल्याकडेच, आणि महिन्याच्या महिन्याला पैसे. हे तर भाडं! उभा जन्म ज्यात गेला तोच धंदा. बायकोचे शेअर कपाटात पडून होते, म्हणजे आता कपाटातही नव्हते, कॉम्प्युटरमध्ये कुठेतरी होते, पण पडूनच होते. पडून राहिलेली वस्तू त्यांना बघवत नसे.

वर्ग सुटल्यावर ते मागे थांबले आणि त्यांनी बाईला पंख्यांच्या शेअरची गोष्ट सांगितली. हे कसे आले, कुणाचे, का विकायचे नाहीत, सगळं. बाईने ऐकून घेतलं. मग ती म्हणाली, “काका, जे कधीच द्यायचं नाही, त्याच्यावर कॉल विकू नका. हे भाडं नाही, विसार आहे. विसार घेतला की वस्तू जाऊ शकते.”

शिडीवाल्यांनी मान डोलावली. बायकोपुढे डोलावली होती तशीच. त्यांना कळलं नाही असं नव्हतं. पण चाळीस वर्षं माणसाने एकच गोष्ट पाहिली असेल तर दुसरी गोष्ट कानातून आत जाते आणि उभ्या उभ्याच परत फिरते. गेलेली वस्तू परत येते, हेच त्यांनी पाहिलं होतं. शिवाय पंख्यांचा शेअर म्हणजे मुलखाचा आळशी. वर्षभरात जेमतेम हलायचा. तो ठरलेल्या किमतीच्या वर उडी मारेल असं खुद्द वायरबाईनेही कधी म्हटलं नसतं.

एक अडचण होती. कॉल एकट्यादुकट्या शेअरवर विकता येत नाही. त्याचा लॉट, म्हणजे ठरलेला गठ्ठा असतो, आणि या शेअरचा लॉट पाचशेचा होता. बायकोचे चारशे सत्तर. शिडीवाल्यांनी पदरचे पैसे घालून बरोब्बर तीस विकत घेतले आणि तिच्या शेअरमध्ये घातले. संसारात दोघांनी मिळून काही केल्यासारखं त्यांना वाटलं. त्या दिवशी ते फार खुशीत होते. तिसावर एक जास्त घ्यावा असं त्यांच्या मनात येण्याचं काही कारणच नव्हतं.

पहिल्या महिन्याचा प्रीमियम आला. शेअर जागेवरच राहिला, मुदत संपली. दुसऱ्या महिन्याचा आला. तिसऱ्या महिन्याचाही आला. शिडीवाले पुन्हा ताठ चालू लागले. लेकीला त्यांनी अभिमानाने सांगितलं. तिने विचारलं, “आईचेच शेअर ना?”

“विकले नाहीत गं,” ते म्हणाले. “भाड्याने दिलेत.”

असं सात-आठ महिने चाललं. मग एका सोमवारी सकाळी टीव्हीवर बातमी आली की पंख्यांच्या कंपनीला एक बडी कंपनी गिळंकृत करणार. मुलखाचा आळशी शेअर त्या सकाळी ताडकन उठला आणि शिडीवाल्यांनी ठरवून दिलेल्या किमतीच्या कितीतरी वर जाऊन बसला. शेजाऱ्याने जिन्यातच त्यांचा हात धरून हलवला. नशीब काढलंत, म्हणाला.

दुपारी बाईचा फोन आला. तिने दोन वाटा सांगितल्या. एक, विकलेला कॉल आजच्या भावाने परत विकत घ्यायचा, म्हणजे बंधन सुटेल आणि शेअर राहतील. पण आजवर मिळालेलं सगळं भाडं त्यात जाईल, वर मुदतठेवीला हात घालावा लागेल. दुसरी वाट म्हणजे काही न करणं. मग महिनाअखेरीला शेअर जातील. “काका, सोडवून घ्यायचे असतील तर आजच घ्या,” ती म्हणाली.

शिडीवाल्यांना ते फार विचित्र वाटलं. आपलीच शिडी, आणि ती परत आणायला आपणच पैसे मोजायचे? असं तर त्यांनी कधी केलं नव्हतं. त्यांनी बाईला समजावलं की महिना संपायला अजून अवकाश आहे, वर चढलेलं माणूस खाली उतरतंच. बाईने तिकडून सांगितलं की हा भाव उतरायला चढलेला नाही. ती बडी कंपनी काय भावाने घेणार ते तिने जाहीर केलंय, आता तो त्याच्या आसपासच राहणार. शिडीवाले म्हणाले, बघू.

ते खुर्चीत बसले आणि वाट बघू लागले. दुकानात बसायचे तसेच, हात मांडीवर ठेवून. रोज सकाळी भाव बघायचे. तो उतरला नाही, उलट दोन पायऱ्या आणखी वर गेला. शेवटच्या आठवड्यात त्यांनी बाईला फोन करून विचारलं, आता सोडवायला काय पडेल? तिने आकडा सांगितला. मुदतठेव मोडूनही तो पुरा पडत नव्हता. “थोडी वाट बघतो,” ते म्हणाले.

महिनाअखेरीला पाचशेच्या पाचशे शेअर गेले. काही वाजलं नाही, दारात कुणी आलं नाही. कॉम्प्युटरमध्ये जिथे पाचशे होते तिथे काहीच नव्हतं, आणि बँकेत त्यांनी कधी एकगठ्ठा पाहिले नव्हते इतके पैसे येऊन पडले होते. शेजारी पेढे मागायला आला. शिडीवाल्यांना त्या पैशांची किळस आली. बायकोने त्यांच्याकडे एकच वस्तू ठेवायला दिली होती आणि तीच त्यांनी घालवली, आणि लोक अभिनंदन करत होते. त्या रात्री त्यांनी पंखा लावला नाही. त्याच्याकडे तोंड वर करून बघायची त्यांना लाज वाटत होती.

लेकीने सांगितलं, बाबा, पैसे आहेत ना, मग परत घ्या. तिचं चूक नव्हतं. पण शिडीवाल्यांनी कित्येक दिवस ते कॉम्प्युटरचं पान उघडलंच नाही. घेतलेले शेअर हे तिचे शेअर नव्हेत, असंही त्यांच्या मनाने घेतलं. दुसऱ्याची शिडी आणून आपल्या दुकानात उभी केली म्हणून काय ती आपली होते?

तशात एके सकाळी पॅकिंगताईचा फोन आला. यंदाची सभा म्हणे शेवटची. कंपनीच राहणार नाही, तर सभा कसली! म्हणून या वेळी जे जुने कामगार आता हयात नाहीत, त्यांची नावं वाचली जाणार होती. एकेक नाव पुकारायचं आणि त्याच्या घरच्या माणसाने जागेवर उभं राहायचं. वेगळी आमंत्रणं नव्हती. जुन्या कामगारांच्या घरी शेअर असणारच, असं सगळे धरून चालले होते. “भाऊजी, लवकर या, तिच्या नावाला तुम्ही उभे राहा,” ती म्हणाली. तिला शेअर गेल्याचं काही माहीत नव्हतं. तिला ते सांगायला शिडीवाल्यांची जीभ रेटली नाही.

फोन ठेवला आणि ते तडक माडीवर गेले. बाईला म्हणाले, मला एक शेअर घेऊन दे. एकच. सभेला जायला एकच पुरतो, हे त्यांना माहीत होतं. बाईने घेऊन दिला. घरी येताना त्यांचं मन हलकं झालं. त्यांनी निळा शर्ट इस्त्रीला टाकला. तो बायकोने आणलेला होता.

बैल गेला आणि झोपा केला, ही म्हण शिडीवाले उशिरा येणाऱ्या रंगाऱ्यांना नेहमी ऐकवायचे.

सभेच्या दिवशी कारखान्याच्या गेटवर टेबल मांडलं होतं. दरवर्षी तिथे टाइम ऑफिसचा जुना माणूस असायचा, तो यादीत न बघताच “या मिस्टर वायरबाई” म्हणून हात करायचा. यंदा नव्या कंपनीची माणसं होती. टेबलावरच्या मुलीने त्यांचं नाव विचारलं, यादी वरपासून खालपर्यंत पाहिली आणि पुन्हा पाहिली. शिडीवाल्यांनी फोन काढून आपला शेअर दाखवला. मुलीने तो नीट वाचला. सभेला कोण बसणार ते एका ठरलेल्या तारखेच्या यादीवरून ठरतं, आणि काकांचा हा शेअर त्या तारखेनंतरचा होता.

शिडीवाल्यांनी तिला सगळं सांगून पाहिलं. माझी बायको इथे वाइंडिंगला होती, आज तिचं नाव वाचणार आहेत, मला फक्त तेवढ्यापुरतं आत सोडा, मागे उभा राहतो. मुलगी मनाने वाईट नव्हती. तिने उठून साहेबाला विचारलं आणि ती परत आली. नियम होता. मागे आणखी लोक खोळंबले होते.

“सॉरी काका,” ती म्हणाली. “पुढच्या वर्षी नक्की या.”

सवयीने म्हणाली ती. आपण काय बोललो ते तिच्या लक्षातही आलं नाही.

शिडीवाल्यांनी पॅकिंगताईला फोन लावला. तो वाजत राहिला. आत फोन जमा करून घेत होते. मग ते कंपाउंडच्या भिंतीच्या कडेने चालत हॉलच्या मागच्या बाजूला आले. हॉलच्या खिडक्या उंच होत्या, माणसाच्या डोक्याच्या पार वर. आयुष्यभर शिड्या भाड्याने दिलेला माणूस त्या भिंतीखाली उभा होता आणि त्याच्याजवळ साधी घडवंची नव्हती. आतून माइकचा आवाज यायचा, पण शब्द फुटायचे नाहीत. पंख्यांचा आवाज मात्र स्वच्छ येत होता. ते भिंतीला कान लावून ऐकत राहिले. त्यातला तिचा कोणता, ते त्यांना ओळखता येईना. ती म्हणायची तेव्हा हसण्याऐवजी शिकून घेतलं असतं तर बरं झालं असतं.

मध्ये एकदा आतला गलका थांबला आणि माइक सावकाश बोलू लागला. एक शब्द, थोडी शांतता, पुन्हा एक शब्द. नावं वाचत होते. शिडीवाले तिथे, भिंतीपाशी, हात बाजूला सोडून ताठ उभे राहिले. कोणतं नाव तिचं ते कळत नव्हतं, म्हणून ते सगळ्या नावांना उभे राहिले.

सभा सुटली तेव्हा ते पुन्हा गेटवर आले. माणसं बाहेर येत होती, जुनी तोंडं एकमेकांना धरून चालत होती. पॅकिंगताई जवळजवळ शेवटी आली. त्यांना बघून ती जागच्या जागी थांबली.

“भाऊजी, कुठे होता तुम्ही?”

त्यांनी सांगितलं. फार नाही, चार वाक्यांत. शेअर गेले, एक घेतला, तो उशिरा घेतला. ती ऐकत होती आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

“तिचं नाव घेतलं तेव्हा मी मागे वळून बघितलं,” ती म्हणाली. “कुणीच उठेना. माइकवाले थांबले. त्यांनी पुन्हा एकदा नाव घेतलं. मग मीच उभी राहिले.”

“बरं केलंत ताई.”

“शेजारी नव्या कंपनीचे कुणी साहेब होते. ते हळूच म्हणाले, यांच्या घरचं कुणी उरलं नाही वाटतं. मी काय सांगणार? मला काही माहीतच नव्हतं.”

शिडीवाल्यांनी चष्मा कपाळावर नेला आणि डोळे पुसले.

“आहे म्हणायचं होतं,” ते म्हणाले. “बाहेर उभाय म्हणायचं होतं.”

पॅकिंगताईने त्यांचा हात धरला. टेबल आवरणाऱ्या मुलीने खुर्च्या एकात एक घातल्या, आणि वॉचमनने गेट लावून घेतलं.